रूप बदला, अर्थ सांभाळा



परीक्षा मराठीची असो की इंग्रजीची, प्रश्नपत्रिकेत व्याकरणाचा एक प्रश्न ठरलेला असतो. मराठीत तो 'कंसातील सूचनेप्रमाणे बदल करा' असा येतो, तर इंग्रजीत 'डू अ‍ॅज डायरेक्टेड' असा येतो. एक वाक्य दिलेले असते. ते नकारार्थी करा, प्रश्नार्थी करा, प्रयोग बदला, दोन वाक्यांचे एक वाक्य करा, अशी सूचना पुढे लिहिलेली असते. पुष्कळ विद्यार्थी या प्रश्नाला घाबरतात. काही जण नियम पाठ करतात आणि सूचना दिसताच वाक्यात एखादा 'नाही' किंवा 'नॉट' घालून मोकळे होतात. वाक्य बदलते खरे, पण त्याबरोबर अर्थही बदलतो आणि हातचे गुण जातात.

हा प्रश्न कशासाठी विचारतात, याचा विचार तुम्ही कधी केला आहे का? जो विद्यार्थी वाक्याचा अर्थ नीट समजला, तोच ते वाक्य दुसऱ्या शब्दांत सांगू शकतो. म्हणजे हा प्रश्न नियमांच्या पाठांतराचा नाही, तो समजुतीचा आहे. या पाठात आपण तीच समजूत वाढवणार आहोत.

१. एक अर्थ, अनेक रूपे

आपल्या सोलापूरची चादर सगळीकडे प्रसिद्ध आहे. तीच चादर आपण घडी करून ठेवतो, पलंगावर अंथरतो किंवा थंडीत अंगावर पांघरतो. रूप वेगळे दिसते, पण चादर तीच असते. वाक्याचेही तसेच आहे. पुढील वाक्ये वाचा.

सोलापूरचा उन्हाळा कडक असतो.
सोलापूरचा उन्हाळा सौम्य नसतो.
सोलापूरचा उन्हाळा किती कडक असतो!
सोलापूरचा उन्हाळा कडक असतो, हे कोणाला ठाऊक नाही?

पहिले वाक्य होकारार्थी आहे, दुसरे नकारार्थी आहे, तिसरे उद्गारार्थी आहे आणि चौथे प्रश्नार्थी आहे. चारही वाक्यांतून कळते ते एकच. उर्दू व्याकरणात वाक्याला 'जुमला' म्हणतात. होकारार्थी वाक्याला 'मुसबत' आणि नकारार्थी वाक्याला 'मन्फी' म्हणतात, हे तुम्ही शिकला आहात. नावे वेगळी असली तरी काम एकच आहे.

चौथ्या वाक्याकडे पुन्हा पाहा. तो प्रश्न आहे, पण त्याला उत्तर नको आहे. 'आईची माया कोण विसरेल?' या प्रश्नाचे उत्तर प्रश्नातच दडलेले आहे. म्हणून त्याचे विधानार्थी वाक्य करताना 'नाही' येतो: 'आईची माया कोणीही विसरणार नाही.' याउलट प्रश्नात 'नाही' असेल, तर विधानातून तो निघून जातो: 'स्वातंत्र्य कोणाला नको असते?' याचे विधान होईल, 'स्वातंत्र्य सर्वांना हवे असते.'

२. 'नाही' घालताना

होकारार्थी वाक्य नकारार्थी करताना दोन बदल करावे लागतात. एक, क्रियापद नकारार्थी करायचे. दोन, एका शब्दाऐवजी त्याचा विरुद्धार्थी शब्द घ्यायचा. यातला एकच बदल केला, तर अर्थ उलटा होतो.

आज सर्व मुले हजर आहेत.
आज एकही मूल गैरहजर नाही.

'हजर' आणि 'गैरहजर' हे शब्द तुम्हांला नवे नाहीत. अर्ज, कागद, दुकान, वकील, जमीन असे कितीतरी शब्द अरबी-फारसीतून मराठीत आले आणि मराठीच होऊन गेले. 'गैर', 'ना' आणि 'बे' ही नकार दाखवणारी अक्षरेही त्यांच्याबरोबर आली: गैरसमज, नाराज, बेजबाबदार. 'बेसावध' या शब्दात तर फारसी 'बे' आणि संस्कृत 'सावध' एकत्र नांदतात. उर्दू जाणणाऱ्या विद्यार्थ्याला असे विरुद्धार्थी शब्द इतरांपेक्षा लवकर सुचतात.

मात्र विरुद्धार्थी शब्द निवडताना सावध राहा. 'पाणी गरम आहे' याचे नकारार्थी रूप 'पाणी थंड नाही' असे केले, तर अर्थ पूर्ण राहतो का? नाही. जे पाणी थंड नाही, ते कोमटही असू शकते. गरम आणि थंड यांच्यामध्ये तिसरी अवस्था आहे. हजर आणि गैरहजर यांच्यामध्ये तिसरी अवस्था नाही. विद्यार्थी एक तर असतो किंवा नसतो. ज्या दोन शब्दांमध्ये तिसऱ्याला जागा नाही, अशी जोडी मिळाली तर अर्थ हलत नाही.

आणखी एक फसवी जागा पाहा.

सगळी मुले उत्तीर्ण झाली नाहीत.
एकही मूल उत्तीर्ण झाले नाही.

ही दोन वाक्ये सारखी नाहीत. पहिल्या वाक्यावरून काही मुले उत्तीर्ण झाली असावीत, असे वाटते. दुसऱ्या वाक्यात कोणालाही यश मिळालेले नाही. घरी निकाल सांगताना या दोन वाक्यांची गल्लत झाली, तर काय होईल, याची कल्पना करा.

३. इंग्रजीतले लपलेले 'नॉट'

आता इंग्रजीकडे वळू. पुढील वाक्य परीक्षेत नेहमी दिसते तशा प्रकारचे आहे.

द बंडल इज टू हेवी टू लिफ्ट.

सूचना असते: पहिला 'टू' काढा. वाक्यात 'नॉट' कोठेही दिसत नाही. म्हणून विद्यार्थी लिहितात, 'द बंडल इज सो हेवी दॅट वी कॅन लिफ्ट इट.' हे उत्तर चूक आहे. आधी मूळ वाक्याचा अर्थ उर्दूत सांगून पाहा: 'गठरी इतनी भारी है कि उठाई नहीं जाती.' मराठीत सांगा: 'गठ्ठा इतका जड आहे, की तो उचलता येत नाही.' दोन्ही भाषांत 'नाही' आपोआप आला. इंग्रजीतल्या 'टू'मध्ये तो लपलेला होता. म्हणून योग्य उत्तर असे:

द बंडल इज सो हेवी दॅट वी कॅनॉट लिफ्ट इट.

तुलनेच्या वाक्यातही असेच होते.

सोलापूर इज हॉटर दॅन पुणे.

येथे 'अ‍ॅज हॉट अ‍ॅज' वापरायला सांगितले, तर घाईत 'सोलापूर इज नॉट अ‍ॅज हॉट अ‍ॅज पुणे' असे लिहिले जाते. मे महिन्यात सोलापुरात राहणारा माणूस हे वाक्य ऐकून हसेल. 'नॉट' आला की दोन्ही गावांनी जागा बदलायला हवी: 'पुणे इज नॉट अ‍ॅज हॉट अ‍ॅज सोलापूर.' मराठीतही आपण हेच करतो. 'सोलापूर पुण्यापेक्षा उष्ण आहे' आणि 'पुणे सोलापूरइतके उष्ण नाही' ही एकाच अर्थाची दोन वाक्ये आहेत.

४. निरोप सांगताना

नसीमा म्हणाली, "मी उद्या येईन."

उर्दूत आपण म्हणतो, 'नसीमा ने कहा कि मैं कल आऊँगी.' येथे दोन गोष्टी लक्षात घ्या. पहिली गोष्ट म्हणजे उर्दूतला 'कल' मागचा दिवसही दाखवतो आणि पुढचा दिवसही दाखवतो. मराठीत त्यासाठी 'काल' आणि 'उद्या' असे दोन वेगळे शब्द आहेत. 'मी काल येईन' असे लिहिले, तर ते मराठीत चुकीचे ठरते. क्रियापद पाहा आणि मग शब्द निवडा. मराठीतला 'परवा' मात्र 'परसों'सारखाच दोन्ही बाजूंना चालतो.

दुसरी गोष्ट म्हणजे हा निरोप तुम्ही चार दिवसांनी कोणाला सांगितलात, तर नसीमाचा 'उद्या' तुमचा 'उद्या' राहत नाही. तसेच तिचा 'मी' म्हणजे तुम्ही नव्हे. म्हणून इंग्रजीत 'शी सेड, आय विल कम टुमॉरो' याचे 'शी सेड दॅट शी वुड कम द नेक्स्ट डे' असे होते. 'आय'चे 'शी', 'विल'चे 'वुड' आणि 'टुमॉरो'चे 'द नेक्स्ट डे' हे तीन बदल मनमानी नाहीत. बोलणारा कोण, कोणत्या दिवशी बोलला, हे सांभाळण्यासाठी ते केलेले असतात. हे कारण समजले, की नियम वेगळा पाठ करावा लागत नाही.

५. करणारा कोण?

प्रयोग बदलण्याचा प्रश्न सर्वांत अवघड वाटतो. आधी मराठीतली एक अडचण दूर करू.

सलमाने आंबा खाल्ला.
सलमाने चिंच खाल्ली.
सलमाने केळे खाल्ले.

खाणारी एकच आहे, पण क्रियापद कर्माप्रमाणे बदलते. म्हणून मराठी व्याकरणात याला कर्मणी प्रयोग म्हणतात. उर्दूतही 'ने' आला की क्रियापद असेच बदलते. 'सलमा ने आम खाया', 'सलमा ने इमली खाई'. फरक दोन आहेत. उर्दूत लिंगे दोन आहेत, मराठीत तीन आहेत. त्यामुळे 'केळे खाल्ले' हे तिसरे रूप मराठीत जास्तीचे आहे. शिवाय उर्दूत 'मैं ने' असते, पण मराठीत 'मीने' म्हणत नाहीत. 'मी आंबा खाल्ला' असेच म्हणतात.

इंग्रजी प्रश्नपत्रिकेतला 'पॅसिव्ह व्हॉइस' वेगळा आहे. त्यात करणारा मागे जातो आणि ज्यावर क्रिया घडली, ते पुढे येते. उर्दू व्याकरणात या दोन रूपांची नावे फार बोलकी आहेत. ज्या क्रियापदाचा करणारा सांगितलेला असतो, ते 'मारूफ', म्हणजे ओळखीचे. ज्याचा करणारा सांगितलेला नसतो, ते 'मजहूल', म्हणजे अज्ञात. हे नाव लक्षात ठेवा. वाक्य मजहूल झाले, की करणारा पडद्याआड जाऊ शकतो.

आपल्याच शहराच्या इतिहासातले उदाहरण घेऊ. मे १९३० मध्ये स्वातंत्र्याच्या आंदोलनाने सोलापूर पेटून उठले. इंग्रज सरकारने शहरात लष्करी कायदा पुकारला. पुढे मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी पुण्याच्या येरवडा तुरुंगात फाशी दिली गेली. चौघांची घरे वेगळी होती, धर्म वेगळे होते, पण शेवट एकच होता. आता ही चार वाक्ये वाचा.

(अ) इंग्रज सरकारने चार देशभक्तांना फाशी दिली.
(आ) इंग्रज सरकारकडून चार देशभक्तांना फाशी दिली गेली.
(इ) चार देशभक्तांना फाशी दिली गेली.
(ई) चार देशभक्त हसत फासावर चढले.

(अ) आणि (आ) यांचा अर्थ एकच आहे. परीक्षेत (अ)चा प्रयोग बदला असे सांगितले, तर (आ) हे उत्तर पूर्ण आहे. (इ) हे वाक्य खोटे नाही, पण फाशी कोणी दिली, हे त्यातून गळून पडले. वाचणाऱ्याला ते माहीत नसेल, तर कळायला मार्ग उरत नाही. (ई)मध्ये करणारे स्वतः देशभक्तच झाले. त्यात 'हसत' हा नवा शब्दही आला, जो मूळ वाक्यात नव्हता. असे वाक्य भाषणात शोभेल, पण रूपांतराच्या उत्तरात चालणार नाही. उत्तरात आपल्या मनाची भर घालायची नसते.

इंग्रजीत हेच वाक्य असे होईल: 'द ब्रिटिश गव्हर्नमेंट हँग्ड फोर पेट्रियट्स.' याचे 'पॅसिव्ह': 'फोर पेट्रियट्स वेअर हँग्ड बाय द ब्रिटिश गव्हर्नमेंट.' शेवटचा 'बाय'चा भाग लिहायचा कंटाळा करू नका. तेथेच जबाबदारी लिहिलेली आहे.

मग करणारा कधीच वगळू नये का? तसेही नाही. 'रस्ता दुरुस्त करण्यात आला' या वाक्यात कोणत्या मजुराने काम केले, हे सांगण्याची गरज नसते. पण पुढील वाक्ये पाहा.

सलीमने काच फोडली.
सलीमकडून काच फुटली.
काच फुटली.

पहिल्या वाक्यात सलीमने मुद्दाम काच फोडली असावी, असे वाटते. दुसऱ्यात ती त्याच्या हातून चुकून फुटली. उर्दूत आपण 'सलीम से शीशा टूट गया' म्हणतो, तेच हे. तिसऱ्यात सलीमचे नावच नाही. तीन वाक्ये ऐकून सलीमबद्दल तीन वेगळी मते होतील. म्हणून खरे बोलायचे असेल, तर व्याकरणही नीट यावे लागते.

६. दोन वाक्यांचे एक

डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म सोलापुरात १९१० मध्ये झाला. १९३८ मध्ये भारताने चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात ते होते. युद्धात जखमी झालेल्या सैनिकांवर त्यांनी उपचार केले. ते चिनी भाषा शिकले. ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या ३२ व्या वर्षी, त्यांचे तेथेच निधन झाले. उर्दूतले नामवंत लेखक ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यांच्यावर लिहिले आणि त्यावरून व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' हा चित्रपट काढला.

या माहितीतून दोन वाक्ये घेऊ. 'डॉ. कोटणीस चीनला गेले. त्यांनी जखमी सैनिकांवर उपचार केले.'

केवल वाक्य: डॉ. कोटणिसांनी चीनला जाऊन जखमी सैनिकांवर उपचार केले.
संयुक्त वाक्य: डॉ. कोटणीस चीनला गेले आणि त्यांनी जखमी सैनिकांवर उपचार केले.
मिश्र वाक्य: जेव्हा डॉ. कोटणीस चीनला गेले, तेव्हा त्यांनी जखमी सैनिकांवर उपचार केले.

जोडणारा शब्द लहान असतो, पण सगळा अर्थ त्याच्यावर उभा असतो. 'ते परक्या देशाचे होते. चिनी लोकांनी त्यांना आपले मानले.' ही वाक्ये 'म्हणून'ने जोडून पाहा. परक्या देशाचे होते म्हणून आपले मानले, हे विचित्र वाटते. येथे 'तरी' हवा: 'ते परक्या देशाचे होते, तरी चिनी लोकांनी त्यांना आपले मानले.' 'म्हणून' कारण सांगतो, 'तरी' विरोध सांगतो आणि 'आणि' नुसते शेजारी बसवतो.

७. परीक्षेबाहेरची परीक्षा

समजा, तुमची दादी मराठी वाचू शकत नाही. कचेरीत एक सूचना लावली आहे: '१५ तारखेनंतर अर्ज स्वीकारले जाणार नाहीत.' दादी विचारते, "क्या लिखा है, बेटा?" तुम्ही घाईत म्हणालात, "१५ तारखेनंतर अर्ज द्यायचा आहे." दादी १६ तारखेला जाते आणि परत येते. सूचनेचा सरळ अर्थ होता, 'अर्ज १५ तारखेपर्यंत द्यावा.' नकारार्थी वाक्याचे होकारार्थी करता आले असते, तर दादीचा हेलपाटा वाचला असता.

औषधाच्या बाटलीवर, दवाखान्याच्या भिंतीवर अशीच वाक्ये असतात. 'ही गोळी रिकाम्या पोटी घेऊ नये' म्हणजे 'ही गोळी काही खाल्ल्यावर घ्यावी.' 'पाणी उकळल्याशिवाय पिऊ नये' म्हणजे 'पाणी उकळूनच प्यावे.' 'शिवाय' म्हणजे उर्दूतला 'बगैर'. त्याच्या जोडीला 'नये' आला, की दोन नकार मिळून एक होकार होतो. येथे चूक झाली, तर केवळ गुण जाऊन भागत नाही, माणसाला त्रास होतो.

८. सराव कसा करावा?

महाराष्ट्रातल्या अनेक पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवरून इंग्रजी शिकल्या. मराठी वाक्याचे इंग्रजी करायचे आणि इंग्रजी वाक्याचे मराठी करायचे, असा तो रोजचा सराव होता. तुमच्याजवळ तर तीन भाषा आहेत. त्यांचा उपयोग असा करा.

१) दिलेले वाक्य वाचा आणि त्याचा अर्थ उर्दूत मोठ्याने सांगा.
२) कोणी केले, काय केले, कधी केले, होय की नाही, हे चार प्रश्न विचारा.
३) सूचनेप्रमाणे वाक्य बदला.
४) नव्या वाक्याचा अर्थ पुन्हा उर्दूत सांगा. पहिला अर्थ आणि हा अर्थ जुळला, तरच उत्तर लिहा.

मातृभाषा हा तुमच्या हातातला तराजू आहे. एका पारड्यात जुने वाक्य ठेवा, दुसऱ्यात नवे ठेवा. पारडी समान राहिली पाहिजेत. मात्र हा तराजू अर्थ तोलतो, रूप तोलत नाही. लिंग, 'ने' आणि 'काल-उद्या' यांच्यासाठी मराठीचा स्वतंत्र अभ्यास करावाच लागेल. रोज पाच वाक्ये या पद्धतीने बदला. एका महिन्यात दीडशे वाक्ये होतील आणि प्रश्नपत्रिकेतला तो प्रश्न तुम्हांला ओळखीचा, म्हणजे 'मारूफ', वाटू लागेल.

शब्दार्थ

सौम्य – नरम, कडक नसलेला
गल्लत – घोटाळा, एकाच्या जागी दुसरे समजणे
मनमानी – मनाला येईल तसे
हेलपाटा – काम न होता झालेली फेरी
पारडे – तराजूचा पलडा

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'मारूफ' आणि 'मजहूल' या शब्दांचे अर्थ काय आहेत?
(आ) 'सगळी मुले आली नाहीत' आणि 'एकही मूल आले नाही' यांत कोणता फरक आहे?

२. कंसातील सूचनेप्रमाणे बदल करा.
(अ) सभेला सर्व सभासद हजर होते. (नकारार्थी करा.)
(आ) कष्टाशिवाय यश मिळत नाही. (होकारार्थी करा.)
(इ) मेहनतीचे फळ कोणाला आवडत नाही? (विधानार्थी करा.)
(ई) पाऊस पडत होता. मुले शाळेत आली. ('तरी' वापरून एक वाक्य करा.)

३. पुढील इंग्रजी वाक्यांचा अर्थ आधी उर्दूत व मराठीत सांगा, मग ती बदला.
(अ) ही इज टू वीक टू वॉक. (पहिला 'टू' काढा.)
(आ) द वीव्हर मेड अ चादर. ('पॅसिव्ह व्हॉइस' करा.)

४. आपल्या परिसरातील तीन मराठी सूचनाफलक वहीत उतरवून घ्या. प्रत्येक सूचना दुसऱ्या शब्दांत लिहा आणि तिचा अर्थ घरातील मोठ्या माणसांना उर्दूत समजावून सांगा.